एका रिंगची रीत

सुमनताईनं मला फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं. सातवीत शाळा सुटलेली मी, इथं तिरुपूरच्या शिलाई कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर बसते. पगार झाला की जेवणाच्या सुट्टीत दोघी घरी पैसे पाठवतो. तिच्या आईचा लगेच फोन येतो. शेळी व्यालेलीसुद्धा सांगून होते. माझ्या आईची एकच रिंग येते. एक रिंग म्हणजे पैसे मिळाले, उचलायचं नाही, ही आमची जुनी काटकसर. ताई हसत बोलते आणि माझा घास कडू होतो. जिनं शिकवलं तिचाच हेवा वाटतो, याची लाजही वाटते.

परवा तीच म्हणाली, "येडे, रिचार्ज मारलायस ना? मग बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत. लाव की परत!"

लावला. आई घाबरली. "काय झालं गं?"

"काही नाही. बोलायला केला."

"ठेव, ठेव, पैसे जातील!" म्हणाली, आणि दारातल्या शेवग्यापासून जी सुरू झाली ती थांबेचना. ताईनं माझा डबा झाकून ठेवला.

हेवा अजून थोडा आहेच, तिची आई रोज बोलते. पण ताईमुळेच माझी आई बोलती झाली, त्याचे आभार म्हणून माझ्या आईची कारळ्याची चटणी काही फोनवरून जात नाही. ती एक दिवस मी स्वतः सुमनताईच्या आईला नेऊन देईन.