न बोलावता बडनेऱ्याला

हसायचं असेल तर चहा आधी संपवा, नाहीतर नाकातून येईल. माझी डॉक्टरकी सुरू कशी झाली ते सांगतो. एका धडधाकट माणसाला मी भर दुपारी मरणाच्या दारात नेऊन बसवलं, आणि तेही त्याला वाचवायला गेलो असताना!

नागपूरहून डॉक्टरकी शिकून मी नुकताच अमरावतीला परतलो होतो. राजापेठेत आमच्या अप्पाकाकांचा दवाखाना. सगळा घरचाच कारभार. काका रोगी तपासणार, मी औषधं बनवणार, काकू मागच्या चुलीवर पाणी उकळून देणार. दिवाळीनंतर संध्याकाळचा दवाखाना माझ्या हाती द्यायचा, असं काकांनी बोलून ठेवलं होतं. त्या एका शब्दावर मी गावभर छाती काढून फिरत होतो.

काकांचा नियम एकच. दवाखान्यात चूक झाली तर ज्याची त्याने जेवायच्या आधी सांगायची. कोणी ओरडणार नाही. "चूक पोटात ठेवली त भाकर पचत नाही," असं म्हणायचे. स्वतःही पाळायचे. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याचा दुखरा दात सोडून शेजारचा उपटला, तर भरल्या ओसरीत सगळ्या रोग्यांसमोर हात जोडून उभे राहिले. आता असल्या माणसाला भ्यायचं काय कारण? पण मी भ्यायचो. रागावणाऱ्याची सवय होते हो, न रागावणाऱ्याची होत नाही.

तर, औषधाची बाटली तेव्हा रोग्यानेच घरून आणायची. त्या सकाळी दोघांनी सारख्याच आणल्या, हिरव्या काचेच्या, सरबताच्या. एक बडनेरा स्टेशनातल्या पार्सलबाबूंची, खोकल्याच्या औषधासाठी. दुसरी एका मास्तरीणबाईंची, गुडघ्याला चोळायच्या तेलासाठी. बाबू आपली बाटली घेऊन गेले. बाई जेवणवेळेला आल्या. कसं चोळायचं ते दाखवावं म्हणून मी ऐटीत तळहातावर दोन थेंब घेतले, आणि हाताला हात चिकटला. ते खोकल्याचं गोड औषध होतं.

मग तेल कुठे गेलं? बाबूंबरोबर! पोटात गेलं तर जहरच ते. त्यावर डोसांची कागदी पट्टीसुद्धा मीच चिकटवलेली. वासावरून त्यांना कळलं असतं म्हणता? अहो, औषध जितकं घाण तितकं गुणकारी, असं मानणारी माणसं ती. नाक दाबून प्यायली असती.

बाईंना दुसरं तेल देऊन वाटेला लावलं आणि थेट काकांकडे गेलो. ते पाटावर बसले होते. मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? "काकू, वरण फक्कड झालंय." मी अजून चाखलंही नव्हतं.

काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "अजून काही सांगाचं हाये काय?"

"नाही," म्हटलं, आणि हात धुतो म्हणून जो निघालो तो टांग्यातच जाऊन बसलो.

बडनेऱ्याची ती वाट मी जन्मात विसरणार नाही. घोडं चालत होतं की पेंगत होतं देव जाणे. बाबू तडफडताहेत, बायको कपाळ बडवतेय, हेच डोळ्यांपुढे. आणि लाज वाटते सांगायला, पण निम्मी भीती बाबूंच्या जिवाची होती आणि निम्मी काकांना तोंड दाखवायची.

पोचलो तर बाबू ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. गुणगुणत होते! मी विचारलं, औषध घेतलं का? म्हणाले, दोन डोस घेतले. ते ऐकून मी त्यांच्या शेजारी मटकन बसलो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या वऱ्हाडात तेव्हा डॉक्टर आपणहून कोणाच्या घरी येत नसे. दोनदा निरोप धाडावा, टांगा पाठवावा, तेव्हा यायचा. न बोलावता आलेला डॉक्टर त्या घराने कधी पाहिलाच नव्हता. बाबूंच्या बायकोने मला पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

मी नाडी धरली. माझंच काळीज असं धडधडत होतं की कोणाची नाडी कोणती ते कळेना. जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोट दाबलं. तोंडाने "काही नाही, काही नाही" म्हणत होतो आणि कपाळावरून घाम गळत होता. बाबू माझ्या तोंडाकडे पाहत हळूहळू पांढरे पडू लागले.

मग मी बाटली मागितली आणि कोणी पाहू नये म्हणून झटकन कोटात घातली. तिथेच घात झाला. बाबूंची म्हातारी आई म्हणाली, "डाक्टरनं दवाई काढून घेतली. आता देवाचंच नाव घ्या." झालं! बाबूंना घोंगडीवर निजवलं. शेजारणी जमल्या. कोणी तुळशीचं पान आणलं, कोणी गंगेचं पाणी. लेकीला आणायला माणूस धावला. बाबू क्षीण आवाजात गाय लेकीला द्या म्हणून सांगू लागले. मी मात्र भिंतीला टेकून उभा, कोटातली बाटली दाबून.

तेवढ्यात माझ्या मागावर निघालेला दुसरा टांगा आला आणि काका उतरले. एका दिवसात दोन डॉक्टर! घरात आकांत उसळला.

काकांनी एकवार सगळं पाहिलं आणि मला म्हणाले, "सांग. सगळ्यायले आयकू येईल असं सांग."

सांगितलं. चोळायचं तेल प्यायला दिलं, आणि भीतीपोटी लपवलं. काकांनी माझ्या कोटातून बाटली काढली, बूच उघडलं आणि सर्वांसमोर मोठा घोट घेतला. "खोकल्याचंच औषध हाये. सकाळी पायरीवर मीच बाटली पाह्यली, तेल काढून घेतलं अन् दुसरी दवाई बनवून देली. बाबूले तवाच सांगतलं का चूक झाली म्हून."

बाबू ताडकन उठून बसले. "ते त मले मालूम होतं! हा धावत आला तवा मले वाटलं, दुसरीबी चुकली!"

म्हणजे काकांना ठाऊक होतं, बाबूंना ठाऊक होतं, फक्त मलाच नव्हतं. मी आपणहून सांगतो का, याची काका सकाळपासून वाट पाहत होते. त्यांनी त्या म्हातारीपुढे हात जोडले. "मायबाई, याची चूक लहान होती. मी वाट पाहत बसलो अन् तुमच्या घरी रडारड झाली, ते माही चूक." मला मोठ्याने रडू आलं. नुकत्याच दारात आलेल्या शेजारणींना वाटलं, बाबू गेलेच.

संध्याकाळचा दवाखाना मला पुढे मिळाला. अमरावतीत नावही झालं. पण बडनेऱ्याच्या बाजारात मी दिसलो, की बाया आधी घरातल्या म्हाताऱ्यांना हाक मारून पाहतात. नातीचं लग्न ठरलं तेव्हा बाबू स्वतः अक्षत घेऊन दवाखान्यात आले. मला भरून आलं. जाता जाता पायरीवरून वळून म्हणाले, "नक्की या, डाक्टर. पण मांडवात पाय ठेवाच्या आधी वरडून सांगा, का जेवाले आलो म्हून."