शायद मॅडम

मॅडमच्या तोंडून "आहे" हा शब्द क्वचितच निघायचा. अँटिबॉडी विषाणूच्या प्रथिनाला नेमकी कुठे चिकटेल, हे संगणकावर आधीच ताडणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. पडद्यावर प्रथिनाचा एखादा भाग लाल झाला, म्हणजे इथेच चिकटणार, की आम्ही विद्यार्थी हरखायचो. मॅडम चष्मा कपाळावर सारून म्हणायच्या, "शायद." चंदीगडच्या सेक्टर ३९ मधल्या आमच्या संस्थेत त्यांचं नावच शायद मॅडम पडलं होतं.

त्या मूळच्या अमरावतीच्या. यजमान हवाई दलात होते. त्यांच्या बदलीबरोबर चंदीगडला आल्या आणि ते वारल्यावरही इथेच राहिल्या. मुलगा मराठी समजायचा, पण उत्तर हिंदीत द्यायचा. त्यामुळे मी साताऱ्याहून लॅबमध्ये आले, तेव्हा त्यांची साठलेली सगळी वऱ्हाडी माझ्या वाट्याला आली. "काहून वं, आज बी डबा नाही आणला?" म्हणत अर्धी पोळी पुढे सरकवायच्या.

माझ्या पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला. चंदीगडजवळच्या डेराबस्सीतल्या एका कारखान्याने आमच्या अंदाजावरून तपासणी किट बनवायला घेतलं. माझी परदेशातली पुढच्या संशोधनाची जागा त्याच निबंधावर पक्की झाली. आणि त्याच आठवड्यात मला चूक दिसली. ज्या प्रथिनांवर सॉफ्टवेअर शिकलं होतं, त्यांतलीच कित्येक वेगळ्या नावांनी परीक्षेच्या यादीतही होती. पाठ करून घेतलेली गणितंच पेपरात घातल्यासारखं. यादी मीच केली होती.

तिसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. खरं तर त्यांनी "राहू दे" म्हणावं, एवढ्यासाठीच सांगितलं.

"कुणाच्या लक्षात येणार नाही, मॅडम."

"तुझ्या आलं ना," त्या म्हणाल्या.

जेवायच्या आधी त्यांनी संपादकांना लिहून निबंध मागे घेतला, मग कारखान्याला फोन केला. चूक स्वतःच्या नावावर घेतली.

माझी जागा गेली. पुढचं वर्षभर आम्ही समोरासमोर बसून एकेक प्रथिन पडताळत होतो. त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, तरी अर्धी यादी त्या स्वतः करायच्या. मी कामापुरतंच बोलायचे. पोळी पुढे आली की "भूक नाही" म्हणायचे. शेवटी सॉफ्टवेअरची अचूकता बरीच खाली आली, आणि निबंध एका साध्या नियतकालिकात छापून आला.

निवृत्त होऊन त्या अमरावतीला निघाल्या, तेव्हा स्टेशनवर मी एकटीच होते. खिडकीतून म्हणाल्या, "तुझं एक वर्ष घेतलं मी, पोरी. पण दुसरं काही करता आलं असतं, असं अजून बी वाटत नाही." गाडी हलेपर्यंत मी बॅगा नीट लागल्यात का तेच बघत राहिले.

पुढे मला त्याच डेराबस्सीच्या कारखान्यात नोकरी मिळाली. मुलाखतीत मोठ्या साहेबांनी एकच विचारलं, "आप उन्हीं मैडम की स्टूडेंट हैं, जिन्होंने फ़ोन करके मना किया था?" मी हो म्हटलं. त्यांनी फाइल मिटली आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्या खूश झाल्या. "कशी मिळाली वं?" त्यांनी विचारलं.

"जाहिरात बघून," मी म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या.