द्राक्षासवाची दुसरी बरणी

साताऱ्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात द्राक्षासव यायचं ते तासगावच्या वाटेवरच्या एका खेड्यातून. तिथं एक वैद्यांचं घर होतं. स्वतःची द्राक्षबाग, घरीच सुकवलेले मनुके आणि मागच्या खोलीत भुशात गळ्यापर्यंत पुरलेल्या चिनी मातीच्या बरण्या. घेणाऱ्यानं आधी चाखायचं आणि मगच न्यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

दरसाल वडील जायचे. त्या वर्षी त्यांचा पाय मोडला, तेव्हा मी म्हणाले, "मी जाते."

"एकटी?" आईनं विचारलं.

"एसटीत साठ माणसं असतात. एकटी कुठली?"

मी बावीस वर्षांची होते. शाळेत असल्यापासून वडील मला डोळे मिटायला लावून चमच्यानं आसवं चाखवत आणि काय काय लागतंय ते विचारत. माझ्या जिभेवर माझा भरवसा होता.

सांगलीला गाडी बदलून दुपारी पोहोचले. सोप्यालगतच्या सारवलेल्या खोलीत वैद्यबुवा बसले होते. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांचा मुलगा फौजेत, सरहद्दीवर. घरात ते आणि सून. सुनेनं तीन पितळी वाट्या भरून ठेवल्या आणि मधे मधे तोंड साफ करायला फुटाणे.

"वडील न्हाई आलं?" बुवांनी विचारलं.

"पाय मोडलाय त्यांचा. मी चाखणार."

"तू? बरं, चाख की."

पहिल्या वाटीत आधी मनुका आला, मग लवंग, आणि घशाशी मऊ ऊब. सुरेख. दुसरीला किंचित आंबूस वास होता आणि जिभेच्या शेंड्याला सोड्यासारखं चुरचुरलं. मी वाटी खाली ठेवली.

"ही बरणी अजून झाली नाही."

"झाली न्हाई?" बुवा ताठ झाले. "सव्वा म्हैना झाला. म्या सोता वास घिऊन बघितलीया."

सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान किंचित हलवली. माझ्या बाजूनं.

"काडी लावून बघू या?" मी म्हणाले.

आत आंबणं चालू असलं की बरणीत धरलेली पेटती काडी विझते. हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मागच्या खोलीत सुनेनं बरणीचं फडकं सोडलं, बुवांनी काडी ओढून तोंडाशी नेली. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मी कान लावला तर आत दूरवर भात रटरटावा तसा बारीक आवाज येत होता.

मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. मग मी त्यांच्याकडं पाहिलं. ते उंबऱ्यावर बसले होते, विझलेली काडी बोटांत धरून.

"मला वास येत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. तापात ग्येला, त्यो परत आलाच न्हाई."

"मला ठावं हाय, मामंजी," सून म्हणाली. "करपल्याली आमटी तुमी गुमान खाल्ली, तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

"आन् दोन वर्सं बरण्या कोण बघतंय?"

"मीच. तुमी मळ्यात गेला की काडी लावून बघती. कच्ची असली की मागं सारती. ही तेवढी आज तुमीच फुडं काढली."

 बुवा उठले, आम्हां दोघींना घेऊन बैठकीच्या खोलीत आले आणि स्वतःचा बसायचा पाट त्यांनी सुनेपुढं सरकवला. "बस. तिसरी वाटी तू चाख. मोठ्यानं सांग."

परक्या माणसासमोर ती पहिल्यांदाच चाखत होती. घोट घेतला, पदरानं ओठ पुसले. "येलदोडा वाईच जास्त पडलाय. पण चालंल."

मी चाखलं. खरंच वेलदोडा जास्त होता. तिनं सांगितलं नसतं तर माझ्या ध्यानात आला नसता, हे मी तिला तिथंच सांगितलं. ती पहिल्यांदा हसली.

पहिल्या आणि तिसऱ्या बरणीतलं आसव बाटल्यांत भरून, पेंढ्यात बांधून मी साताऱ्याला आणलं. वडिलांनी खाटेवरच चाखलं.

"कुणी निवडलं?"

"दोघींनी," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

त्यांचा पाय पुढं बरा झाला, तरी तासगावच्या फेऱ्या माझ्याकडंच राहिल्या. पुढच्या साली गेले तर पाटावर सून बसलेली आणि समोर मिरजेचा एक दुकानदार घाईला आलेला.

"पंधरा दिसांनी या," ती त्याला सांगत होती.

त्यानं बाहेर मनुक्यांचे देठ खुडत बसलेल्या बुवांकडं पाहिलं. "वैद्यबुवा, तुम्ही तरी सांगा."

बुवांनी मान वर केली नाही. "ती न्हाई म्हणली म्हंजी न्हाई," ते म्हणाले. "च्या घ्या आन् जावा."