अप्पांचं पुढचं चाक

मडिवाळप्पांना साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, पण नुसतं चालायची लाज वाटते म्हणून ते मोटरसायकल सोबत घेऊन चालतात, अशी बातमी मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत फिरत होती. कुणी पसरवली ते विचारू नका. बातमी खोटी होती. अप्पा गाडी ढकलत यायचे, कारण कामावरून निघून चार किलोमीटर झाले की तिचं पुढचं चाक आवळून बसायचं.

अप्पा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतात. हा माणूस घरात दुधाच्या पातेल्याला पेन्सिलीनं रेघ मारून ठेवतो आणि बाहेर पडताना कुलपात काडी खोचतो. अख्ख्या सोलापुरात त्यांनी ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असा एकच माणूस, अशोक चौकातला स्पेअर पार्टवाला तौहीद. अठरा वर्षं संध्याकाळचा चहा त्याच्याच दुकानात. अप्पांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला सगळ्यात पुढं तौहीद होता.

मी त्यांचा शेजारी. उन्हाळ्यात एकदा अप्पा माझ्या दारात आले. हँडलवरच्या कपातलं ब्रेक ऑईल दिवसेंदिवस खाली चाललं होतं.

"तेल कोण काढतंय रे?"

"मीच, अप्पा. भजी तळतो त्यात."

हसले नाहीत. जाऊन कप काठोकाठ भरला. कपावर दोन रेघा असतात, यापेक्षा वर नको, त्यापेक्षा खाली नको. मी दाखवल्या.

"त्या कंपनीनं मारल्यात. मी न्हाय."

शिवाय आमच्याकडं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. घागर, कळशी, तांब्या, सगळं गळ्यापर्यंत भरायची सवय लागलेल्या हाताला अर्धा कप बघवत नाही.

पुढं महिन्याभरात ब्रेकचे पॅड झिजले. नवे पॅड तौहीदकडून आणले आणि अप्पांनी स्वतः बसवले. मेकॅनिकला गाडी दिली की तो आतलं चांगलं सामान काढून घेतो, ही त्यांची खात्री. पॅड जाड, बसता बसेनात. दाबून बसवले. कपाच्या झाकणाच्या कडेनं थोडं तेल आलं, ते पुसून टाकलं. सकाळच्या गारव्यात गाडी झकास पळाली. संध्याकाळी चाक जाम. डिस्कवर पाणी शिंपडलं तर तव्यासारखं चुर्र झालं.

मी एवढंच म्हणालो, "हल्ली डुप्लिकेट माल लई येतोय बरं का, अप्पा." सहज म्हणालो. खरंच सहज.

त्या दिवसापासून अप्पांनी तौहीदचा चहा बंद केला. त्याचा फोन यायचा, अप्पा वाजणाऱ्या फोनकडं नुसतं बघत बसायचे. चार दिवसांनी पॅडचं रिकामं खोकं पिशवीत घालून मला म्हणाले, "चल. साक्षीदार पायजे." असल्या कामाला मी नाही कशाला म्हणतोय!

दुकानापर्यंत पोचेस्तोवर चाक पुन्हा आवळलं होतं. तौहीदनं आम्हाला बघून लगेच किटलीतला चहा ओतला. "कुटं होता अप्पा? मला वाटलं आजारी पडला."

अप्पांनी चहा बाजूला सारून खोकं गल्ल्यावर ठेवलं. "माल खरा हाय का?"

तौहीदचा चेहरा उतरला. "अठरा साल, अप्पा. मेरेकू पूछ रहे?"

उत्तराची वाट न बघता तो बाहेर आला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मला मागं बसवलं, माझ्या वजनानं पुढचं चाक उचललं गेलं. चाक हलेना. त्यानं कपाच्या झाकणाचे दोन स्क्रू सैल केले, तसं तेल भळ्ळकन बाहेर आलं. त्या तेलानं रंग जाऊ नये म्हणून त्यानं टाकीवर बादलीभर पाणी मारलं आणि चाकाला बोट लावलं. चाक गरागरा फिरत राहिलं.

"क्या अप्पा, हौद भरको रख्या क्या?" तौहीद म्हणाला. "तेल कुणी चोरलं नव्हतं. पॅड झिजले तसं ते खाली उतरलं. नवे जाड पॅड घातले, ते परत वर आलं. वर तुम्ही जागाच ठेवली न्हाय. तापलं की तेल फुगतंय. जागा न्हाय मिळाली की पॅडला दाबून धरतंय."

त्यानं इंजेक्शनच्या सिरिंजनं तेल ओढून दोन रेघांच्या मध्ये आणलं. "कंपनीची रेघ नका मानू. माझी तरी माना."

अप्पांनी कानावरची पेन्सिल काढली, कंपनीच्या वरच्या रेघेवर आपली एक रेघ ओढली. मग आत गेले आणि तो थंड झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला. तौहीदनं न विचारता दुसरा ओतला. माझ्यासाठी ओतायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

परतताना गाडी हलकी पळत होती. मला राहवेना. मी मागून म्हणालो, "काय अप्पा, उगाच गरीब मित्रावर संशय घेतलात."

अप्पांनी मान वळवली नाही. म्हणाले, "पॅड खरे निगाले, तौहीद खरा निगाला. आता शेजारी तेवढा तपासायचा राहिलाय."