लाल गाडीचा भाव

औरंगपुऱ्यात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक कमी आणि बसणारे जास्त. बसणारे विकत काही घेत नाहीत, उलट किस्से ठेवून जातात. मापाचा बोल्ट मागितला की दोन मिनिटांत काढून देतो मी, पण कुठला किस्सा कुणाचा आणि कुठल्या साली घडला, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. कधी वाटतं, सगळं एकदा झाडून काढावं. झाडायला घ्यावं तर कुणीतरी हमखास विचारतो, "शेठ, ते लाल गाडीचं काय झालं होतं हो?" मग झाडू राहतो बाजूला.

आमच्यात बसणारे तसे तिघंच. सरकारी कचेरीत इंजिनियर असलेला अविनाश. गणिताचे मास्तर म्हणून रिटायर झालेले गाडे सर. आणि पलीकडच्या गल्लीत गॅरेज असलेले सलीमभाई. चौथा मी. कुणाची जुनी गाडी कितीला जाईल, हे आम्ही चहा निवायच्या आत सांगतो. साल सांगा, किलोमीटर सांगा, किती हात फिरली ते सांगा, भाव तयार. आजूबाजूच्या दुकानदारांचा आमच्यावर भरवसा होता. होता म्हणतोय मी.

*

एका दुपारी अविनाश आला, जयभीम केला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "शेठ, मला स्पोर्ट्स कार घ्यायचीय."

मी म्हणालो, "आधी बस. पाणी पी."

प्रकरण असं होतं. देवगाव रंगारीला धनंजयराव नावाचे बडे शेतकरी. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे मोठ्या मालकांनी, पन्नासेक वर्षांमागं हैदराबादेहून एक परदेशी गाडी आणली होती. लाल, बुटकी, दोन दरवाजे, दोनच सीट, वरचा टप मागं ढकलता येणारा. मोठे मालक गेल्यापासून ती शेडमध्ये उभी. आता धनंजयराव कायमचे लेकीकडं पुण्याला निघाले होते आणि शेड पाडायची होती. अविनाशचे वडील, नाना, त्या घरी एकोणीस वर्षं ड्रायव्हर होते. म्हणून धनंजयरावांनी आधी अविनाशला निरोप दिला.

"किती म्हणतेत?" मी विचारलं.

"मी विचारलं की, दादा किती द्यायचे? ते म्हणाले, तूच सांग. मी म्हणालो, नाय दादा, तुम्ही सांगा. ते म्हणाले, तुला मी काय सांगू, तूच सांग."

"मग?"

"मग जेवून आलो."

असं तीनदा झालं. तीन जेवणं झाली, तिसऱ्या वेळी वर हुरडाही बांधून दिला, पण आकडा दोघांच्याही तोंडातून निघाला नाही. आणि तेवढ्यात बातमी आली की पुढच्या रविवारी पुण्याहून एक शौकीन माणूस गाडी बघायला येतोय. तो काही जेवणावर थांबणार नव्हता.

*

गाडे सर म्हणाले, हा भावनेचा नाही, गणिताचा प्रश्न आहे. घरी गेले, नातवाच्या कॉम्प्युटरवर बसले आणि दोन दिवसांनी कागद घेऊन आले.

"अश्शीच गाडी परदेशात एकानं लिलावात घेतली," सर म्हणाले. "तेवढ्या पैशात उस्मानपुऱ्यात चार फ्लॅट येतील."

अविनाशनं चहाचा कप खाली ठेवला.

"थांब, घाबरू नको. अशीच दुसरी एकाच्या अंगणात गंजत होती. ती गेली जुन्या स्कूटरच्या भावात."

"मग आपली कितीची?"

सरांनी चष्मा वर केला. "सरासरी काढलीय मी. दोन फ्लॅट आणि अर्धी स्कूटर."

 सलीमभाईंनी अगदी गंभीरपणानं विचारलं, "सर, आधी स्कूटर कौनसी? अगली के पिछली?"

सर रागावून दोन दिवस दुकानात आले नाहीत. पण कागद मात्र ठेवून गेले. अजून माझ्या गल्ल्यात आहे तो, आणि अजून मला त्यातली चूक सापडलेली नाही.

*

मग ठरलं की गाडी डोळ्यानं बघायची. सलीमभाईंना घेऊन आम्ही देवगावला गेलो. सलीमभाईंची पद्धत अशी, की वहीत दोन रकाने पाडायचे. अस्सल पार्ट असला की जमा, बदललेला असला की वजा.

शेडचं दार उघडलं तर सीटवरून एक कोंबडी उठून गेली. सलीमभाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. वाकून बघितलं आणि लिहायला लागले. "हेडलाइट ट्रॅक्टर के. वजा."

अविनाश म्हणाला, "ते नानांनी बसवलेत. मालकांना कन्नडला लग्नाला जायची घाई होती."

सलीमभाई थांबले. वजा खोडलं आणि जमाच्या रकान्यात लिहिलं. पुढं गेले. "सायलेन्सर जीप का."

"तोही नानांनीच. घरच्या घरी वेल्डिंग केलं होतं."

तेही खोडलं. मग आरसा निघाला, तो न्हाव्याच्या दुकानातला दिसत होता. दाराचा कोयंडा निघाला, तो धान्याच्या कोठीचा. प्रत्येक वेळी अविनाश म्हणायचा, नानांनी, आणि सलीमभाई रकाना बदलायचे. शेवटी ते वैतागले. "अरे बाबा, इसमें ओरिजनल क्या है फिर?"

"लाल रंग," अविनाश म्हणाला.

धनंजयराव मागं उभे होते. ते हळूच म्हणाले, "रंगबी नानांनीच मारलाय. आधी पांढरी होती."

सलीमभाईंनी वही मिटली. परतताना मला म्हणाले, "शेठ, ओरिजनल जितना घटता, दाम उतना बढ़ता. चालीस साल का धंदा है मेरा, लेकिन ये हिसाब अपने को समझ में नै आरा."

*

पुढची चूक माझी. मला वाटलं, वरचा भाव कळत नाही तर निदान खालचा तरी कळावा. म्हणून ओळखीच्या एका भंगारवाल्याला गाडी दाखवायला नेलं. अविनाशही बरोबर होता.

भंगारवाल्यानं गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "किलोवर घेऊ. टायर नि सीटा काढून."

परतताना वेरूळ मागं पडलं. मी दोन-तीनदा विषय काढला, पावसाचा, रस्त्याचा. अविनाश नुसतं व्हय नाय करत होता. मग एकदम म्हणाला, "शेठ, कमी दिले तर गाव म्हणंल, मालकानं जुन्या गड्याच्या पोराला गाडी दान दिली. जास्त दिले तर म्हणतील, चार पैसे आले नि मस्ती आली बघा. मला असा आकडा पायजे की कुणी कायच म्हणू नये."

 असा आकडा सरांनाही काढता आला नसता. मला त्या भंगारवाल्याला नेल्याची लाज वाटत होती, ती अजून वाटते.

*

गुरुवारी मी गाडे सरांना घेऊन अविनाशच्या घरी गेलो. दारातच सुनीतावहिनींनी मला धरलं. "भाऊजी, तुम्ही तरी विचारा ह्यांना. गाडीत सीटा दोन, घरात माणसं पाच. बाकीच्या तिघांनी काय मागून रिक्षानं यायचं?"

"पहिल्यांदा मी नानांना बसवणार," अविनाश म्हणाला. "मग तुम्ही नंबर लावा."

"आणि बंद पडली तर? मी नाय बाई ढकलणार."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर नाना बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, गुडघे दुखरे, आठवडाभर ह्या विषयावर चकार शब्द न बोललेले. ते हसले. म्हणाले, "ते काम माझं होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. "मी ड्रायव्हर जीपचा नि ट्रॅक्टरचा. लाल गाडी मालक सोता चालवायचे. मी ती धुवायचो आन् ढकलायचो. सेल्फ कधी लागलाच नाय तिचा. घरापासून वेशीपोत्तर ढकलायची, तिथं उतार हाय, तिथं इंजिन पकडायचं. मालक जायचे निघून. मी चपला हातात घिऊन माघारी. जोर लावताना पट्टा तुटायचा ना. मालकाशेजारी छोटे मालक बसायचे, धनंजयराव, दहा वर्साचे असतील. मागं वळून बघत ऱ्हायचे माझ्याकडं."

मी विचारलं, "तुम्ही कधी बसलात का नाना गाडीत?"

"दोनच सीटा होत्या की," नाना म्हणाले.

त्यांचा चेहरा इतका साधा होता की हसावं का काय करावं, मला कळेना. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. चहा आमचा नुकताच झाला होता.

*

त्याच बैठकीत नाना म्हणाले, "भाव तुमा पोरांना नाय जमायचा. मी करतो. एक मोठा रुमाल आणा."

पाचोडच्या बाजारात बैलाचा सौदा कसा होतो, ते ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घेणारा आणि विकणारा एका कापडाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरतात. बोटांवरच भाव सांगायचा, बोटांवरच नाही म्हणायचं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. आणि ठरल्यावर किती ठरलं हे कुणी विचारायचं नाही. मोठे मालक बैल घ्यायला पाचोडला जायचे, तेव्हा कापडाखाली हात नानांचा असायचा. मालकांना बोटं कळायची नाहीत.

"नाना, ही गाडी आहे, बैल नाही," गाडे सर म्हणाले. तोवर त्यांचा राग गेला होता.

नाना म्हणाले, "ढकलल्याबिगर बैलबी नाय चालत, मास्तर."



*

शनिवारी आम्ही सगळे देवगावला गेलो. पुण्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. सलीमभाईंनी आदल्या दिवशीच जाऊन प्लग साफ केले होते, पेट्रोल घातलं होतं, टायरात हवा भरली होती. गाडी अंगणात काढून ठेवली होती. अविनाशच्या खिशात चेकबुक होतं आणि तो दर पाच मिनिटांनी खिसा चाचपत होता.

धनंजयरावांनी रुमाल बघितला आणि हसले. "नाना, अजून ध्यानात हाय का तुमच्या?"

"हात घाला," नाना म्हणाले.

दोघं ओट्यावर समोरासमोर बसले. नानांनी रुमाल पसरला, दोघांचे हात खाली गेले. बाजारात हे काम चुटकीसरशी होतं. इथं होईना. रुमाल हलायचा, थांबायचा, परत हलायचा. धनंजयरावांचं हसू आधी कमी झालं, मग गेलंच. एकदा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. नानांचा हात तसाच. सलीमभाई माझ्या कानात म्हणाले, "कम बोलरा के ज्यादा?" गाडे सर डोळे बारीक करून रुमालाच्या घड्या मोजत होते. अविनाश माझ्या मनगटाला धरून उभा होता.

मग धनंजयराव हलायचेच थांबले. रुमालाकडं बघत बराच वेळ मान खाली घालून बसले.

"ठरलं," ते म्हणाले. 

नानांनी रुमालाची घडी केली आणि खांद्यावर टाकली.

"किती, नाना?" अविनाशनं विचारलं.

"बाजारात विचारत नसतेत. चेकबुक ऱ्हाऊ दे खिशात. गाडीत बस."

अविनाश स्टिअरिंगपाशी बसला. नानांना आम्ही दोन्हीकडून धरून दुसऱ्या सीटवर बसवलं. बुटक्या गाडीत गुडघे वाकवायला त्यांना त्रास झाला, पण बसले. अविनाशनं किल्ली फिरवली. गाडी खरखरली आणि गप्प झाली. परत फिरवली. परत तेच.

सलीमभाई, सर आणि मी बाह्या सावरत मागं गेलो. नानांनी दारातून डोकं बाहेर काढलं.

"तुमी व्हा बाजूला," ते आम्हाला म्हणाले.

आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि बाजूला झालो. धनंजयरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. बाह्या मागं सारल्या, गाडीमागं गेले आणि वाकले.

समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेली माणसं उठून उभी राहिली. गाडी आधी हललीच नाही, मग इंचाइंचानं निघाली. नाना सीटवर मागं वळून बघत होते. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यानं देवळापुढून, पार वेशीपर्यंत. तिथल्या उतारावर इंजिन पकडलं, काळा धूर निघाला आणि लाल गाडी हमरस्त्याकडं निघून गेली.

धनंजयराव चालत परत आले. चपला हातात होत्या, एकीचा पट्टा तुटलेला. मी घड्याळ पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. आधी पाणी मागितलं, अख्खा तांब्या प्यायले आणि ओट्यावर बसले.

"लई जड हाय हो ती गाडी," ते म्हणाले.