हीरोचे पाच ग्रेस मार्क

२०१४च्या हिवाळ्यात आमची प्लाटून काश्मीरमधल्या एका पोस्टवर होती. दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, पेट्रोलिंग, परत आल्यावर हत्यारांची सफाई आणि डीब्रीफ. डीब्रीफमध्ये कोण कुठे चुकलं ते तोंडावर सांगायचं, हुद्दा बघायचा नाही. माझं नाव रोज यायचं. एकदा धुक्यात मी एका दगडाला 'हॉल्ट' म्हणून दरडावलं होतं. दगड थांबला, एवढं माझ्या बाजूने नोंदवा.

मी नाईक राऊत, डहाणूजवळच्या आशागडचा. माझा जोडीदार लान्स नाईक सदू, तलासरीचा. तालुके शेजारचे म्हणून तो मला खासगीत 'राऊतभाऊ' म्हणायचा आणि डीब्रीफमध्ये सोलून काढायचा.

त्या महिन्यात आमचे सेक्शन कमांडर हवालदार साळवी पाण्याच्या वाटेवर पडले. गोळी झाडीतून आली, मारणारा दिसला नाही. साळवी साहेबांचा चहाचा मग बंकरच्या खिळ्याला तसाच राहिला. मारणारा सापडल्यावर त्यातून सगळ्यांनी चहा घ्यायचा, असं ठरलं. कोणी शपथ वगैरे घेतली नाही. पण जेवताना प्रत्येकाची नजर त्या मगाकडे जायची.

अशात एका रविवारी दुपारी मी सुट्टीवरून आणलेली डीव्हीडी लावली. तलासरीला हायवेवर बस थांबते तिथे घेतलेली. जपानी सामुराईंचा ऐतिहासिक पिक्चर, हिंदी डबिंग, पैसा पाण्यासारखा ओतलेला. मालकाला कपटाने मारतात, त्याचा सरदार दोन वर्षं दबा धरून बदला घेतो. आमच्यासाठीच काढल्यासारखा.

पिक्चर संपला आणि सवयीप्रमाणे डीब्रीफ सुरू झाला. सदू पेन घेऊन बसला आणि कव्हरच्या मागे लिहू लागला.

"संतरी शेकोटीकडे तोंड करून उभा, जंगलाकडे पाठ. नापास."

"हेल्मेटला शिंगं. झाडीत अडकणार. नापास."

"हजार घोडे, लीद कुठेच नाही. हाउसकीपिंग, एक नंबर."

मग हीरोची पाळी आली. दोन वर्षं गप्प राहिलेला हा माणूस शत्रूच्या दारात तलवार उपसतो आणि मालकाचं नाव घेऊन बोंब मारतो. मग वार करतो.

"नाव सांगायला ती काय रेशनची लाईन आहे?" सदू म्हणाला. "सरप्राइज गेलं. नापास."

मला पटेना. "अरे, कोणाचा बदला आहे ते समोरच्याला कळायला नको?"

"मेल्यावर कळेल की, राऊतभाऊ."

मी हट्टाला पेटलो. शेवटी त्याने लिहिलं: 'हीरो नापास. आधी ओरडला. नाईक राऊत यांच्या आग्रहाने पाच ग्रेस मार्क. तरीही नापास.'

तीन दिवसांनी खबर आली, त्याच टोळीतले नाल्याने येणार. आम्ही नाल्याच्या अलीकडे अँबुश लावला. सदू माझ्या डाव्या हाताला, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. पाच चाळीसला फटफटलं आणि पलीकडे दोघे दिसले.

वायरलेस सेटवर प्लाटून कमांडर सुभेदार साहेबांचा आवाज आला. "दो आदमी. नाला पार करने दो. मेरे फायर के बाद फायर. ओवर."

पुढचा नाल्यात उतरला. आणखी दहा पावलं हवी होती. मला खिळ्यावरचा तो मग दिसत होता. मला वाटलं, याला कळलं पाहिजे. मी गुडघ्यावर उठलो आणि साळवी साहेबांच्या नावाने ओरडलो.

दोघे जागच्या जागी आडवे झाले आणि आवाजाच्या रोखाने बर्स्ट आला. सदूने माझा पट्टा धरून मला खाली ओढलं. त्यासाठी त्याला उठावं लागलं. गोळी त्याच्या मानेत लागली. आठ मिनिटं फायर चालला. एक पडला, दुसरा नाल्याने वर निघून गेला. साळवी साहेबांना कोणी मारलं होतं, पडलेल्याने की पळालेल्याने, ते आजपर्यंत कळलेलं नाही. मगातून चहा कोणी घेतला नाही.

त्या दिवसाच्या डीब्रीफमध्ये माझं नाव आलं नाही. सांगणारा उरला नव्हता. एवढ्या गोंधळात पहिला आवाज कोणाचा, हे कोणी विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी मी रिटायर झालो. वापीला जाताना बस तलासरीला थांबली की मी पेपर तोंडासमोर धरायचो. एकदा तो उलटा धरला होता, हे कंडक्टरने दाखवून दिलं.

२०१६ साली सदूच्या वडिलांचा निरोप आला. ये. गेलो. पाड्यावरच्या घरात सदूने आणलेला टीव्ही आणि प्लेअर होता. बाबांच्या हातात ती डीव्हीडी. सदूच्या ट्रंकेतून घरी आलेली.

"हा नाईक राऊत तूच ना?"

"हो, बाबा."

"सदूला मारणारा पळाला, असं तुमचे साहेब सांगून गेले. मी विचारलं, सावध कसा झाला? बोलले, कोणीतरी ओरडलं असेल." ते कव्हरकडे बघत होते. "कोण ओरडलं?"

दोन वर्षं मी उत्तरं तयार ठेवली होती.

"मी."

बाबांनी कव्हर खाली ठेवलं. कोपऱ्यात कोयता होता. खरं सांगतो, त्यांनी तो उचलला असता तर मी हललो नसतो. त्यांनी रिमोट उचलला.

"बस. पिक्चर बघू. आणि दरसाल याच दिवशी यायचं. पोटात दुखतं, बस चुकली, काय ऐकणार नाही."

यंदा, २०१९ साली, चौथ्यांदा पाहिला. पावणेतीन तास. हीरो तलवार उपसतो तिथे बाबा आवाज मोठा करतात आणि टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघतात. एवढ्या वर्षांत मला एक शिवी दिलेली नाही. पिक्चर संपला की सदूचा डीब्रीफ मी मोठ्याने वाचायचा. लीदीवर बाबा हसतात, मीही हसतो. मग ते कव्हर लान्स नाईक सदूच्या युनिफॉर्ममधल्या फोटोमागे ठेवतात आणि पाठमोरेच विचारतात,

"ग्रेस द्यायचे का रे हीरोला?"

"नाही, बाबा."