टाकळीकडं तोंड केलेली सायकल

उत्तमभाऊचं आन् त्याईच्या बायकोचं, वच्छलाबाईचं, एक भांडण मी लई वर्षांमागं आयकलं होतं. अमडापूरच्या बस थांब्यापाशी लिंबाखाली भाऊचं सायकल स्टँड, आन् बाजूले माही पेरूची पाटी. पाटी सोडून कुठं जाऊ? म्हणून सारंच आयकलं.

वच्छलाबाई म्हणे, "लोकाईच्या सायकली घराकडं तोंड करून ठेवता. तुमचं तोंड घराकडं कधी वळते?"

"शेवटची सायकल गेली की."

"मंग मले बी चाकं लावा. तेवढंच ध्यान द्यान."

घराकडं तोंड, हा भाऊचा नेमच होता. बोरखेडीची सायकल बोरखेडीच्या रस्त्याकडं, टाकळीची टाकळीच्या. पोरंपोरी सकाळी सायकल सोपवून चिखलीच्या बसनं कॉलेजात जात. एका नंबराचे टिनाचे दोन बिल्ले. एक हँडलले, एक मालकाच्या हाती. कुलूप लावू देत नसत, कारण सावली सरकली की सायकली बी सरकवा लागत, नाहीतं उन्हानं ट्यूब फुटते. आन् गिऱ्हाइकाच्या सायकलवर सोता बसाचं नाही, ढकलाची.

पुढं पुढं भाऊले बिल्ल्यावरचा आकडा नीट दिसेना. मंग रांग पाहूनच सायकल देत. ते चुकलं एकदाच, आन् त्यात माहं तोंड होतं.

त्या सकाळी मी सहज म्हटलं, "भाऊ, बोरखेडीच्या प्रेरणाचं टाकळीले जमलं म्हणे."

"हाव का," म्हणले आन् कामाले लागले.

चारच्या बसनं पोरी उतरल्या. टाकळीची अनुपमा फोन कानाले लावून आली आन् सायकल घेऊन निंगून गेली. मांगून प्रेरणा आली, चौतीस नंबरचा बिल्ला घेऊन. भाऊनं सवयीनं बोरखेडीची रांग पाहिली. पुन्हा पाहिली. मंग मी उठून पाहिली. चौतीस नाहीच. टाकळीच्या रांगेत तेवढी एक निळी उभी, बिल्ला बारा. शाळेतून भेटलेल्या साऱ्याच सायकली निळ्या.

"बारा तं अनुपमाची," प्रेरणा म्हणे. "मंग ते काय घेऊन गेली?"

"तिची."

"तिची तं हे उभी हाये, काका."

"मंग हे कोणाची?"

असं तीनदा फिरलं. माहं डोकं बी संगच फिरलं.

प्रेरणाचं तोंड उतरलं. मले म्हणे, "आजी, आज सायकल घरी नाही गेली तं बाबा उद्यापासून कॉलेज बंद करतीन. तसंही म्हणूनच राह्यले, पाहुण्याले हो म्हण आन् घरी बस."

भाऊ दचकले. "म्हणजे तुव्हं जमलं नाही?"

"नुसते पाहाले आले होते. मी नाही म्हटलं."

भाऊले तवा आठवलं. हळूच म्हणे, "सकाळी मीच तुही सायकल टाकळीच्या रांगेत फिरवली, बाई. म्हटलं, आता तिचं घर तिकडंच."

"लग्नाआधीच सासरी धाडली माही सायकल? बाबापेक्षा तुमालेच घाई."

मी म्हटलं, "मीच सांगतलं होतं त्याईले."

"सांगतलं तुमी, फिरवली मी," भाऊ म्हणे.

बारा नंबरवर बसून प्रेरणाच टाकळीले गेली असती तं पंधरा मिनिटात काम होतं. पण तिचं म्हणणं, "मी तिथं पाय ठेवत नाही. लोक म्हणतीन, पोरगी सोताच घर पाहाले आली." खरंच म्हटलं असतं.

मंग भाऊच निंघाले, बारा नंबर ढकलत. टाकळी कोसभर. मी मांगून म्हटलं, "आज तरी बसा हो." त्याईनं वळूनही पाहिलं नाही.

पोरगी माह्यापाशी बसून राह्यली. पेरू देला तं हातातच धरून. चार दिवसांनी भाऊ झोपेतच गेले, हे तवा कोणाले ठावं होतं? नाहीतं दोन पेरू त्याईच्याही खिशात टाकले असते.

दिवेलागणीले आले, प्रेरणाची सायकल ढकलत. शेल्यानं सीट पुसली. चाक दाबून पाहिलं. तिच्या हातातला बिल्ला डोळ्यापाशी नेला, हँडलवरच्याशी ताडला. चौतीस, चौतीस.

"द्या ना काका, अंधार पडून राह्यला."

"थांब वं."

सायकल गरकन फिरवली, बोरखेडीकडं तोंड करून स्टँडवर लावली, आन् बाजूले सरकले.

"घे आता."